‘90 दिवसांत पुन्हा कोर्टवर’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ठाणे, कळवा, ऐरोली ते नेरूळपर्यंतच्या बॅडमिंटन ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘वय 45, गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, तरी 90 दिवसांत पुन्हा चॅम्पियन!’ असा मथळा, खाली सायना, मारिन, सिंधू आणि गोपीचंद यांचे फोटो आणि त्याखाली सहा ‘सत्यं’. चॅम्पियन तीन महिन्यांत परततात, नऊ महिने थांबायला सांगणारे घाबरवतात. दुखायचं थांबलं म्हणजे गुडघा बरा झाला. ऑपरेशन हा निव्वळ धंदा आहे. सिंधू मोडक्या पायानं सुवर्ण जिंकली, म्हणजे सगळा खेळ मनाचा. रोज कोमट तेल चोळा आणि नी कॅप घाला. आणि भीती वाटत असेल तर डबल्स खेळा, डबल्समध्ये काही होत नाही.

एरवी असलं काही आलं की पुढे सरकायचं. पण एसीएलच्या (गुडघ्याच्या आतल्या मुख्य लिगामेंटच्या) शस्त्रक्रियेला जेमतेम चार महिने झालेल्या, व्हेटरन्समध्ये म्हणजे मोठ्या वयाच्या गटात जिल्ह्यात नाव कमावलेल्या आमच्या एका वहिनींनी हे वाचून थेट एकेरीत नाव दिलं. तेव्हा गप्प बसण्यात अर्थ नाही.

तीन महिन्यांचा आकडा कुठून आला ते आधी बघू. सायना नेहवालच्या गुडघ्यावर ऑगस्ट 2016 मध्ये, रिओ ऑलिम्पिकनंतर लगेच शस्त्रक्रिया झाली. नोव्हेंबरमध्ये ती चायना ओपनमध्ये उतरली आणि जानेवारी 2017 मध्ये मलेशिया मास्टर्स जिंकली. इथपर्यंत सगळं खरं. फक्त तिचं एसीएल तुटलेलं नव्हतं. दुखापत सांध्याच्या आतली आणि वाटीखालच्या टेंडनची (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीची) होती, तुटलेल्या लिगामेंटच्या जागी नवीन बसवण्याची नव्हती. एसीएल तुटलं ते स्पेनच्या कॅरोलिना मारिनचं, जानेवारी 2019 मध्ये, इंडोनेशिया मास्टर्सच्या अंतिम सामन्यात. योगायोग असा की समोर सायनाच होती. मेसेज लिहिणाऱ्यानं सायनाचे तीन महिने उचलले, मारिनच्या गुडघ्याला चिकटवले आणि वर 45 हे वय ठोकून दिलं. फोटोतल्या चौघांपैकी कुणीही ना 45 व्या वर्षी परतलं, ना तुटलेल्या एसीएलनंतर 90 दिवसांत.

मारिनचा खरा हिशोब वेगळाच आहे. शस्त्रक्रिया लगेच झाली आणि ती कोर्टवर आली सप्टेंबरमध्ये. व्हिएतनाम ओपनला पहिल्याच फेरीत हरली, पुढच्याच आठवड्यात ताई त्झू-यिंगला हरवून चायना ओपन जिंकली. म्हणजे साधारण आठ महिने लागले, आणि तेही पंचविशीतल्या, दिवसभर फक्त हेच करणाऱ्या, फिजिओ आणि ट्रेनर दिमतीला असलेल्या ऑलिम्पिक विजेतीला. 2021 मध्ये तिचा डावा गुडघा गेला, टोकियो ऑलिम्पिक हुकलं आणि ती परतली थेट एप्रिल 2022 मध्ये, माद्रिदच्या युरोपियन स्पर्धेत. त्या वेळी दहा-अकरा महिने. पॅरिस ऑलिम्पिकला 2024 च्या उपांत्य सामन्यात पहिला गेम 21-14 जिंकून दुसऱ्यात आघाडीवर असताना उजवा गुडघा पुन्हा गेला. तो 2019 च्या घाईमुळे गेला असं मी म्हणणार नाही, मध्ये पाच वर्षं गेली होती. पण तिचा फोटो लावून ‘बिनधास्त उतरा’ म्हणायला फारच धाडस लागतं.

आता सगळ्यात घातक ओळ: ‘दुखायचं थांबलं म्हणजे बरा झाला.’

एसीएलच्या शस्त्रक्रियेत तुटलेलं लिगामेंट शिवून परत जोडतात अशी बऱ्याच जणांची समजूत असते. बहुतेक वेळा तसं नसतं. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचं किंवा वाटीखालचं टेंडन काढून त्याचा ग्राफ्ट हाडात पाडलेल्या बोगद्यातून ओवतात. बसवला त्या दिवशी तो मजबूत असतो. पण त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, त्यामुळे आतल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि हळूहळू त्याचं लिगामेंट बनायला लागतं. या उलथापालथीत दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ग्राफ्ट पहिल्या दिवसापेक्षा कमजोर असतो. आणि नेमक्या याच काळात सूज उतरलेली असते, जिना चढता येतो, दुखणं जवळजवळ संपलेलं असतं. ग्राफ्टला स्वतःला दुखत नाही. पेशंटला वाटतं झालं, आणि मेसेज म्हणतो 90 दिवस.

यावर एकच अभ्यास सांगतो, पण तो पुरेसा आहे. 2016 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये आला, नॉर्वे आणि अमेरिकेतल्या गटांनी मिळून केलेला. एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या 106 जणांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. खेळात परतणं जितकं लांबवलं, तितकी गुडघ्याला पुन्हा इजा होण्याची शक्यता दर महिन्याला सुमारे 51 टक्क्यांनी उतरत गेली, नवव्या महिन्यापर्यंत. त्यापुढे थांबून आणखी फायदा दिसला नाही. दुसरा आकडा तर छापून हॉलच्या दारावर लावावा असा: चाचण्या पास होऊन परतलेल्यांपैकी 5.6 टक्क्यांना पुन्हा इजा झाली, नापास असूनही परतलेल्यांपैकी 38.2 टक्क्यांना. यातले बहुतेक जण तरुण होते, चाळिशीपुढचे फार नव्हते, हे मान्य. पण चाळिशीनंतर टेंडन भराभर भरून येतं असा दावा तर मेसेजवाल्यानंही केलेला नाही.

या चाचण्या म्हणजे काही गूढ प्रकार नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद मोजतात. एका पायावर चार प्रकारच्या उड्या घेतात: एक लांब उडी, सलग तीन, रेषेच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून तीन, आणि सहा मीटर लंगडी वेळ लावून. प्रत्येकात ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या किमान 90 टक्के हवा. शिवाय गुडघ्याबद्दलच्या प्रश्नावल्या असतात. व्हेटरन्सच्या बाबतीत यात एक मेख आहे. ऐरोलीच्या ऑफिसात नऊ तास खुर्चीत आणि वर सहा महिने खेळ बंद, म्हणजे ‘चांगला’ पायही वाळलेला असतो. वाळलेल्या पायाचे 90 टक्के काढून पास होण्यात काही राम नाही. म्हणून चांगल्या पायाची ताकद शस्त्रक्रियेआधीच मोजून लिहून ठेवायला फिजिओला सांगा.

घरी रोज बघायच्या गोष्टी दोनच. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून पाय सैल सोडा. गुडघा दुसऱ्या पायाइतका पूर्ण सरळ झाला पाहिजे. तो होत नसेल तर चाल लंगडी राहते आणि मांडीचा स्नायू कधीच नीट भरत नाही. दुसरं, शिंप्याच्या टेपनं वाटीच्या मधोमध घेर मोजा, व्यायामाआधी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. सेंटिमीटरभर वाढला असेल तर कालचा डोस जास्त झाला, आज एक पायरी मागे. तलावपाळीच्या सपाट फेऱ्या सुरुवातीला चालतात. येऊरच्या डोंगराचा उतार नाही. चढताना काही वाटत नाही, उतरताना सगळा भार वाटीवर येतो आणि संध्याकाळी गुडघा फुगतो.

बॅडमिंटनमध्ये गुडघा जातो कुठे, हेही त्या मेसेजमध्ये नाही, आणि मला वाटतं लिहिणाऱ्याला ते ठाऊकच नाही. बरेच जण नेटजवळच्या लंजला (एक पाय लांब टाकून झेपावण्याला) घाबरतात. खरा धोका बॅकहँडच्या मागच्या कोपऱ्यात आहे. उजव्या हाताचा खेळाडू घ्या. शटल डाव्या खांद्यावरून मागे चाललंय. बॅकहँड मारायचा नाही म्हणून तो राउंड द हेड घेतो, म्हणजे डोक्यावरून हात वळवून फोरहँडनंच मारतो. अंग डावीकडे आणि मागे कलतं, हवेत पायांची कात्री होते आणि उतरताना डावा पाय एकटा जमिनीवर येतो, पंजा बाहेर वळलेला, गुडघा जवळजवळ ताठ. त्याच क्षणी नेटकडे परतायचं असतं, म्हणून त्याच पायानं जोर दिला जातो. गुडघा आत पडतो आणि एसीएल तिथे सुटतं. रॅकेटच्या विरुद्ध बाजूचा गुडघा जास्त जातो तो यामुळे. मारिन डावखुरी, आणि 2019 आणि 2024 दोन्ही वेळा गेला तो उजवा गुडघा.

म्हणून कोर्टवर परतताना हा कोपरा सगळ्यात शेवटी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सरळ रेषेत हलकं पळणं, तेही सूज नसेल तरच. मग दोन पायांवर उडी आणि शांत उतरणं. उतरल्याचा आवाज आला तर गुडघा पुरेसा वाकला नाही असं समजा. सहाव्या महिन्याच्या आसपास शटलशिवाय शॅडो: पुढचे दोन कोपरे, मग मधल्या दोन बाजू, मग फोरहँडचा मागचा कोपरा. 20 सेकंद हालचाल, 40 सेकंद थांबा, अशा सहा फेऱ्या खूप झाल्या. सातव्या-आठव्या महिन्यात दहा-दहा शटलचं फीडिंग, आधी कोपरा सांगून, नंतर न सांगता. गडबड न सांगता दिलेल्या शटललाच होते, कारण लक्ष शटलकडे जातं आणि पाय जुन्या सवयीनं पडतो. त्यानंतर 11 गुणांचा एखादा गेम, एक दिवस सोडून. मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) शिवलेला असेल तर सुरुवातीचे आठवडे वाकवण्यावर आणि वजनावर बंधन असतं, त्यामुळे हे सगळं आणखी पुढे ढकललं जातं. हे महिने ढोबळ आहेत, चाचणीत नापास तर कॅलेंडर बाजूला. आणि परतल्यावरही पहिलं वर्षभर राउंड द हेडची उडी विसरा. बॅकहँड ड्रॉप किंवा उंच क्लिअर मारा, एखादा पॉइंट गेला तर जाऊ द्या.

‘ऑपरेशन हा धंदा’ या ओळीत अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. प्रत्येक तुटलेल्या एसीएलला शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. 2010 मध्ये स्वीडनमधल्या एका अभ्यासात ज्यांना आधी फक्त व्यायामावर ठेवलं, त्यांच्यापैकी दोन वर्षांत सुमारे 39 टक्क्यांनाच नंतर शस्त्रक्रिया करावी लागली. पन्नाशीतला, आठवड्यातून दोनदा डबल्स खेळणारा माणूस, ज्याचा गुडघा निसटत नाही, त्यानं आधी तीन महिने मन लावून फिजिओ करून पाहणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण मेसेजमध्ये व्यायामाचं नावही नाही. शस्त्रक्रिया नको आणि व्यायामही नको, फक्त तेल, हा मार्ग कुठल्याच अभ्यासात नाही. आणि वळताना गुडघा निसटत असताना खेळत राहिलात तर प्रत्येक निसटण्याला मेनिस्कस झिजतो, तो परत येत नाही.

सिंधूचं पदक खरं आहे, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, ऑगस्ट 2022. डाव्या घोट्यात स्ट्रेस फ्रॅक्चर होतं हेही खरं. मेसेज तिथेच थांबतो. पुढे तिला जागतिक स्पर्धा सोडावी लागली, ती जानेवारी 2023 मध्ये परतली आणि ते अख्खं वर्ष एकही विजेतेपद न मिळता गेलं. गोपीचंदच्या बाबतीतही तेच. गुडघा 1994 मध्ये गेला, ऑल इंग्लंड स्पर्धा 2001 मध्ये जिंकली. मध्ये सात वर्षं आहेत, ती फोटोत दिसत नाहीत.

तेलानं बरं वाटतं, जरूर चोळा, फक्त टाक्यांवर नको. नी कॅपनं ऊब मिळते आणि गुडघ्याकडे लक्ष राहतं, पण ते कापड वळणारं हाड धरून ठेवत नाही. त्यापेक्षा बुटांकडे बघा. पळायचे जाड टाचेचे बूट घालून सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर खेळणारे अर्धे घोडबंदर रोडवर सापडतील. गम सोलचे बूट फक्त हॉलमध्ये वापरा, पावसाळ्यात मॅटवर दमटपणा बसला की गेमच्या मध्ये ओल्या फडक्यानं बुटांचा तळ पुसा, त्यावर धूळ चिकटली की पकड जाते.

राहिलं डबल्स. धावणं कमी, हे खरं, आणि परतताना आधी डबल्सच खेळावं. ‘काही होत नाही’ हे मात्र खोटं. गोपीचंदचा गुडघा पुण्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत डबल्समध्येच, जोडीदाराशी टक्कर होऊन गेला होता. मधल्या शटलवर कोण जाणार हे सर्व्हिसच्या आधी बोलून घ्या, नवा जोडीदार असेल तर जास्तच. आणि चाळिशीपुढच्या डबल्सवाल्यांचा खरा शत्रू टाचेमागे आहे, अकिलीस टेंडन. मागे उभं असताना एकदम पुढच्या ड्रॉपकडे झेपावलं की ते तुटतं, बहुतेक वेळा खेळाच्या मध्यात किंवा शेवटी, पोटरी थकलेली असताना. जोडीदारानं मागून रॅकेट मारली असं वाटून माणूस वळून बघतो, मागे कुणी नसतं. चालता येतं, त्यामुळे मुरगळलं असं समजून बर्फ लावून लोक घरी जातात. त्यांना टेबलावर पालथं झोपवा, पावलं कडेबाहेर, आणि पोटरी दाबा. दुसऱ्या पायाचं पाऊल खाली ओढलं जातं आणि या पायाचं हलत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे न्या. पाऊल खाली झुकलेलंच राहू द्या, त्या पायावर वजन टाकू देऊ नका आणि पोटरीला मालिश अजिबात करू नका.