वीट स्वस्त, पण गाडीभाडं?

घरकुलांसाठी राखेच्या विटा सगळीकडे स्वस्त पडतात, हे एका लेखातलं म्हणणं पटलं नाही. कोराडी, चंद्रपूरला ते खरं, कारण ही राख तिथल्या कोळशावरच्या वीज केंद्रातच निघते. आमच्या कोकणात, राजापूरकडे घाट उतरून येईपर्यंत विटेपेक्षा गाडीभाडंच जड होतं. इथे जांभा चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा, हाताशी आहे.

चुलतभावाला ग्रामीण घरकुलाचे १ लाख २० हजार मिळाले. चिऱ्याच्या भिंती घेतल्या, बाहेरून नुसत्या दर्जा (चिऱ्यांमधल्या फटी) भरल्या, गिलाव्याचं सिमेंट आणि मजुरी वाचली. पश्चिमेची भिंत मात्र पहिल्याच पावसात आतून ओली झाली, तेवढ्या बाजूला नंतर गिलावा करावाच लागला. राज्यभर एकच वीट ठरवू नका, तालुक्यातला पोचभाव, म्हणजे गाडीभाडं धरून पडणारा भाव, बघा.