‘किडनी काढली, विषय संपला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: किडनीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की आजार मुळासकट गेला. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) नॉर्मल असेल तर सीटी स्कॅन म्हणजे दवाखान्याची कमाई, आणि त्याच्या किरणांनीच कॅन्सर परत येतो. उरलेली किडनी काढ्याने आणि रोज सहा लिटर पाण्याने साफ ठेवा. पेशंटसमोर आजाराचं नाव काढू नका, तो खचतो.

‘मुळासकट गेला.’ गाठ लहान आणि किडनीपुरतीच असेल, तर बरेचदा खरंच जातो. पण काहींच्या बाबतीत गाठ निघण्याआधीच थोड्या पेशी रक्तातून पुढे सरकलेल्या असतात. त्या बहुधा फुप्फुसात, नाहीतर हाडांत किंवा यकृतात डोकं वर काढतात. बहुतेकदा पहिल्या पाच वर्षांत, क्वचित दहा वर्षांनंतरही. फुप्फुसातला बारीक ठिपका दुखत नाही, खोकलाही आणत नाही. तो वेळेत सापडला तर कधी ऑपरेशनने काढता येतो, कधी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणारी औषधं, देता येते.

क्रिएटिनिनचा मुद्दा सगळ्यात फसवा, कारण तो अर्धा बरोबर आहे. उरलेली किडनी कसं काम करतेय, हे त्यातून कळतं. कॅन्सर परतलाय का, हे कळत नाही. ते सांगणारी भरवशाची रक्ततपासणी या कॅन्सरसाठी रोजच्या वापरात नाही. म्हणून पोटाचा सीटी, आणि छातीचा सीटी किंवा एक्स-रे. किती महिन्यांनी, हे स्टेज (आजार किती पसरलाय) आणि ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात) यांवर ठरतं. धोका कमी असेल तर डॉक्टर स्वतःच अंतर वाढवतात. किरणांचा धोका अगदी शून्य नाही, पण फार लहान आहे, आणि जुना कॅन्सर त्याने परतत नाही. गोंदिया-गडचिरोलीहून येणाऱ्यांनी जुन्या स्कॅनची सीडी आणि बायोप्सीचा रिपोर्ट सोबत ठेवावा. तुलना त्यावरच होते.

काढ्याबद्दल थोडक्यात: त्यात काय आहे हे माहीत नसेल तर घेऊ नका, काही वनस्पती किडनीच निकामी करतात. गुडघेदुखीवर दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकची वेदनाशामक गोळीही नको, तीही किडनीला त्रासदायक ठरू शकते. बीपी, शुगर ताब्यात ठेवा, बिडी-सिगारेट बंद. मे महिन्यात इथे पाणी भरपूर लागतंच, पण सहा लिटरचं माप सगळ्यांना लागू नाही.

आता ‘नाव काढू नका’. अहो, ऑपरेशनची खूण पेशंटच्याच अंगावर आहे! घर गप्प बसलं म्हणून भीती जात नाही, तो त्या भीतीसोबत एकटा पडतो. स्कॅनच्या आठवड्यात झोप उडते, चिडचिड होते, साधी पाठ दुखली तरी ‘परत आला की काय’ वाटतं. त्यावर ‘आता तर बरे झाले ना तुम्ही’ म्हटलं की पुढचं बोलणंच बंद होतं. ‘रिपोर्ट आणायला मी येऊ का?’ एवढं विचारलं तरी माणूस मोकळा होतो. झोप न लागणं, भूक नसणं, कशातही रस नसणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. नागपूरच्या मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) आणि एम्सला मानसोपचार विभाग आहेत. जीव नकोसा झाल्याचं बोलला, तर त्याच दिवशी न्या. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. तो नंबर पेशंटची फाईल सांभाळणाऱ्या बायकोसाठी, मुलासाठीही आहे.