कुणासाठी आहे ते आम्ही बघू

आज सकाळी ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलला उभं राहायलासुद्धा धड जागा नव्हती, एका हातात कडी, एका हातात फोन, म्हटलं बातम्या नकोत, सिनेमाचं काहीतरी बघू. यूट्यूबवरच्या एका समीक्षकाचा व्हिडिओ लागला. नाव घेत नाही, तुमच्यातले अर्धे त्याला फॉलो करता. एका छोट्या मराठी सिनेमाबद्दल बोलत होता. म्हणाला मला पर्सनली जाम आवडला, शेवटी तर डोळ्यात पाणी आलं, पण खरं सांगू का, तुम्ही एंटरटेनमेंटसाठी जात असाल तर हा तुमच्यासाठी नाही, ओटीटीवर आला की बघा. अडीच स्टार.

अरे? तुझ्या डोळ्यात पाणी आलं ना? मग माझ्या का नाही येणार? माझे डोळे काय वेगळ्या कंपनीचे आहेत?

लगेच खाली त्याचाच दुसरा व्हिडिओ लागला, एका मोठ्या हिंदी सिनेमाचा. तिथे साहेब म्हणतात, मला नाही झेपला, डोकं दुखलं, स्टोरी अशी काही नाहीच, पण मासला, म्हणजे आम पब्लिकला, आवडेल, पैसा वसूल. साडेतीन स्टार!! म्हणजे जो आवडला त्याला अडीच आणि ज्याने डोकं दुखलं त्याला साडेतीन. ऐरोलीपर्यंत माझंच डोकं फिरलं होतं. दिवसभर ऑफिसात एक्सेलमध्ये बघत होते आणि मनात त्याच्याशी भांडत होते. आता परतीच्या गाडीत बसायला जागा मिळालीय, म्हणून टाइप करते. लांब होणार आहे, कंटाळा आला तर पुढे जा.

मला एवढंच म्हणायचंय की बाबा, तुला काय वाटलं ते सांग. आम्हाला काय वाटणार ते आम्ही बघू. तुला कुणी आमच्या वतीने ठरवायला बसवलंय?

आता आमच्या सासूबाईंचा किस्सा सांगते, काहींना माहितीय, तरी परत ऐका. २०२५ च्या सप्टेंबरात 'दशावतार' आला आणि पुढच्याच आठवड्यात 'साबर बोंडं'. पहिला कसा गाजला ते सांगायला नको, ठाण्यात शोवर शो वाढत गेले. दुसरा रोहन कानवडे या दिग्दर्शकाचा, त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलला वर्ल्ड सिनेमातलं ग्रँड ज्युरी प्राइझ घेऊन आलेला. मराठी सिनेमा त्या फेस्टिवलला पहिल्यांदाच गेला आणि थेट सगळ्यात मोठं बक्षीस. तर 'दशावतार'बद्दल सगळे म्हणत होते सहकुटुंब बघा, आणि 'साबर बोंडं'बद्दल सगळे म्हणत होते सुंदर, हळुवार, तरल, वगैरे वगैरे, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, की संथ आहे, सगळ्यांना झेपेल असं नाही. मलाही तेच वाटलं होतं म्हणा. आईंना, म्हणजे सासूबाईंना, नेलं ते केवळ घरी त्यांना एकटं ठेवता येणार नव्हतं म्हणून. नवरा टूरवर, आणि ठाण्यात शो कधी, तर आडवारी भर दुपारी. मी हाफ डे टाकला.

सिनेमा काय आहे ते थोडक्यात. मुंबईत राहणारा एक तिशीतला माणूस, वडील गेलेत, दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी जातो. तिथे त्याचा लहानपणचा मित्र आहे, शेती करतो, शेळ्या राखतो. त्या दोघांमध्ये प्रेम आहे. दिग्दर्शकाने स्वतःचे वडील गेल्यानंतरच्या दिवसांवरूनच लिहिलंय ते. बॅकग्राउंडला म्युझिक नाही. कॅमेरा एका जागी ठेवलेला. आणि शेजारी माझ्या पंचाहत्तरीच्या सासूबाई, माहेर जुन्नरकडचं, संध्याकाळी सातनंतर एकही सिरियल न चुकवणाऱ्या. मी सारखी त्यांच्याकडे बघतेय, की आता उठतील, मग उठतील.

उठल्या नाहीत. उलट बोलायला लागल्या. तिथल्या नातेवाईकांनी त्या मुलाला लग्नाचं विचारायला सुरुवात केली तेव्हा मोठ्यांदा म्हणाल्या, "हे असंच असतं बघ. तुझे सासरे गेले तेव्हा धाकट्याला चौथ्या दिवशी स्थळ आणलं होतं मेल्यांनी." मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं हसली, मग गप्प झाली. मला माहीतच नव्हतं हे. इतकी वर्षं मी त्या घरात आहे!

(मधेच सांगते, हे टाइप करताना शेजारच्या बाई माझ्या फोनमध्ये वाचतायत. वाचा काकू, शेअर करा.)

बाहेर आल्यावर रिक्षात मी घाबरत घाबरत विचारलं, आई, कसा वाटला. म्हणाल्या, "त्याची आई शहाणी होती. तिला सगळं कळत होतं. पोरगा एकटा राहू नये एवढंच बघितलं तिने." मग जरा वेळाने, "पण रात्रीचं काही दिसेना बाई, किती तो अंधार. आणि शेळ्या खऱ्या होत्या हं." संपला रिव्ह्यू. आवडलेलं सांगितलं, नावडलेलं सांगितलं, शेळ्यांचंही सांगितलं. कुठेही असं म्हणाल्या नाहीत की मला आवडला पण शेजारच्या वहिनींना नाही आवडायचा.

आणि 'दशावतार'बद्दल काय म्हणाल्या माहितीय? दिलीप प्रभावळकरांसाठी जीव टाकला, या वयात हे काम करतो माणूस, म्हणून अख्ख्या बिल्डिंगला सांगत फिरल्या, पण शेवट म्हणे ताणलाय, आणि तो खाणीवाला सगळा भाग जरा घाईत गुंडाळलाय. हे मला एकाही रिव्ह्यूत वाचायला मिळालं नव्हतं, कारण तिथे सगळे 'मराठी माणसाने अभिमानाने बघावा' यातच अडकलेले. अरे अभिमान ठीक आहे, सिनेमा कसा आहे?

मला कळतं, तिकीट महाग झालंय, चौघांचं कुटुंब मॉलमध्ये गेलं की पॉपकॉर्न धरून दोन हजारांना फोडणी बसते, तेव्हा माणसाला आधी सावध करणं हेही समीक्षकाचं काम आहे. मान्य. पण सावध करणं वेगळं आणि दारातच अडवणं वेगळं.

कारण याचा परिणाम होतो ना. समीक्षक म्हणतो 'निवडक प्रेक्षकांसाठी', थिएटरवाला तेच धरून निवडक वेळ देतो, दुपारी एक नाहीतर रात्री पावणेअकरा, मग कुणी येत नाही, मग तोच समीक्षक पुढच्या आठवड्यात हळहळतो की चांगल्या सिनेमाला प्रेक्षक नाही. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठी सिनेमाला दुपारी १२ ते रात्री ९ मधला शो द्यायला लावलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आता १२ ते ९ मध्ये दुपारी एकचा शोसुद्धा येतो हो, नियम पाळला, झालं! नोकरी करणाऱ्या बाईने काय करायचं? हाफ डे टाकायचा?

आणि हे आपल्याकडचे यूट्यूबवालेच करतात असं नाही. पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'चं आठवतंय? २०२४ ला फ्रान्समधल्या कान फेस्टिवलला ग्रां प्री हे दोन नंबरचं बक्षीस मिळालं, त्याआधी तीस वर्षं तिथे मुख्य स्पर्धेत आपला सिनेमा पोचलासुद्धा नव्हता. आणि आपल्या फिल्म फेडरेशनने ऑस्करला पाठवला नाही. का, तर त्यांच्या अध्यक्षांनी सांगितलं की ज्युरीला तो भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटला. युरोपियन! मुंबईच्या हॉस्पिटलातल्या नर्सेस, लोकलचा डबा, पाऊस, भाड्याची खोली, आणि बिल्डर घर खाली करायला सांगतोय म्हणून शेवटी रत्नागिरीला परत जाणारी छाया कदमची पार्वती. यातलं युरोप कुठलं हो? कळवा की मुंब्रा? आमच्या जुन्या चाळीतल्या दोन बाया अशाच गेल्या गावी, रिडेव्हलपमेंटमध्ये कागद नाही म्हणून. त्यांना सांगायला पाहिजे होतं की तुम्ही युरोपियन आहात.

बरं, पूर्ण खरं सांगायचं तर हाच सिनेमा मी आईंना नंतर घरी टीव्हीवर लावून दिला आणि त्यांना अजिबात आवडला नाही. खालची अक्षरं पळतात म्हणाल्या, आणि छाया कदम यायच्या आधीच झोपल्या. ठीकय. झोपल्या त्या स्वतःच्या मताने झोपल्या.

आता दुसऱ्या बाजूचं. आपल्या ग्रुपमधल्या काही जणांना वाटेल की मी फक्त छोट्या सिनेमांची बाजू घेतेय. नाही. मासचा सिनेमा आहे म्हणून सोडून देणं हा तर मला त्याहून मोठा अपमान वाटतो. 'छावा' घ्या. मी भाच्याबरोबर गेले होते, २०२५ च्या फेब्रुवारीत, लागल्यावर पहिल्याच आठवड्यात. मला अर्धा सिनेमा कानठळ्या बसवणारा वाटला, लढाईवर लढाई, कोण कुठे आहे ते कळेना. पण शेवटी साखळदंडात बांधलेले महाराज आणि कवी कलश एकमेकांना कवितेने उत्तर देतात तिथे अख्खं थिएटर हुंदके देत होतं आणि मीही रडले. आता मला हवाय तो समीक्षक जो सांगेल की हे दोन्ही एकाच सिनेमात कसं काय झालं, पहिला अर्धा एवढा ढोबळ आणि शेवट एवढा आत घुसणारा. मिळतात काय, तर एकीकडे 'गोंगाट आहे, दोन स्टार' आणि एकीकडे 'प्रत्येक मराठी माणसाने बघायलाच हवा'. रडणाऱ्या माणसाशी कुणी बोलतच नाही. त्याला भावना आहेत एवढं धरतात, डोकंही असेल हे कुणी धरत नाही.

इथे एक गोष्ट मान्य करायलाच हवी. समीक्षकांची परिस्थिती वाईट आहे. २०२५ च्या डिसेंबरात 'धुरंधर' आला, साडेतीन तासांचा, आणि ज्यांनी ज्यांनी काही बरंवाईट लिहिलं त्यांना इतक्या घाणेरड्या शिव्या पडल्या की फिल्म क्रिटिक्स गिल्डला, म्हणजे समीक्षकांच्या संघटनेला, निवेदन काढावं लागलं. बायकांना तर काय काय लिहिलं ते मी इथे टाइपही करणार नाही. ज्याने सिनेमा आवडला नाही असं म्हटलं तो देशद्रोही, हे कुठलं लॉजिक? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही एकाने ते फॉरवर्ड टाकलं होतं, मी तिथल्या तिथे विचारलं की काका, तुम्ही मागच्या गणपतीत ऑर्केस्ट्राला नावं ठेवलीत, तुम्ही गणपतीविरोधी का? ग्रुप दोन दिवस शांत.

त्यामुळे कळतं की कुणी घाबरून 'मला नाही आवडला पण मासला आवडेल' म्हणत असेल. पोट आहे, चॅनल आहे, परत पुढच्या प्रीमियरला बोलावणं यायला हवं. सकाळी नऊला बघून दुपारी बारापर्यंत टाकायचं तर विचार कधी करणार बिचारा. तेही आहेच. सगळ्यांनाच दोष नाही देत, काही जण अजूनही असं लिहितात की सिनेमा बघून आल्यावर मी परत काढून वाचते. सनडान्स हे नावसुद्धा मला अशाच एका लेखातून कळलं होतं.

पण घाबरण्याचंही काय घेऊन बसलात, 'सैराट'चं बघा. २०१६ च्या फेब्रुवारीत तो बर्लिनच्या फेस्टिवलला दाखवला होता. फेस्टिवलचाच सिनेमा की मग! आणि एप्रिलअखेर इथे लागला तर शंभर कोटी करणारा पहिला मराठी सिनेमा. तोच सिनेमा, एक फ्रेम इकडची तिकडे नाही. झिंगाटवर खुर्च्यांवर उभी राहिलेली पोरं आणि शेवटी त्या लहानग्याच्या पायांचे ठसे उमटत जातात, आवाज पूर्ण बंद, तेव्हा सुन्न बसलेली पोरं, तीच ती. मग सांगा त्यांना कुठल्या खात्यात टाकायचं. मासमध्ये की निवडकमध्ये? त्या दिवशी कुणी त्यांना म्हटलं असतं की शेवट तुम्हाला झेपणार नाही, इंटरव्हलला घरी जा, तर?

आमच्या आई लहानपणी जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून सिनेमे बघायच्या. रीळ तुटलं की वाट बघायच्या. एवढ्या बाईला तुम्ही संथचं काय सांगता. त्यांचं अख्खं आयुष्य 'साबर बोंडं'मधल्यासारखं हळू गेलंय, सुतकं पाळण्यात आणि पाहुण्यांचा चहा करण्यात. त्यांना तो सिनेमा संथ नाही वाटला, त्यांना तो ओळखीचा वाटला. संथ कुणाला वाटला, तर मला. मी मधे दोनदा मेल चेक केली, आता राग येतो स्वतःचा, पण केली. आणि माझ्यासारख्यांनाच तर ते रिव्ह्यूवाले 'जाणकार प्रेक्षक' म्हणतात!

दिघा गेलं, आता ठाणं येईल, पटकन आवरते. आमचे एक वर्गमित्र आहेत, ते आता खाली येऊन लिहितील की समीक्षकाला वाचकाची नस माहीत असावी लागते, तो त्याचा अनुभव असतो. असेल. ज्यांना माझी नस सापडली असेल त्यांनी मला खुशाल सांगावं की पुढच्या महिन्यात मला कुठली साडी आवडणार आहे, पैसे वाचतील.

तर सकाळचा तो अडीच स्टारवाला सिनेमा, ज्याने त्याला रडवलं आणि जो माझ्यासाठी नाही, त्याला रविवारी जातोय. ठाण्यात लावलाच नाहीये, मुलुंडला आहे, दुपारचा शो. मी, आई आणि वरच्या मजल्यावरच्या काकू. अजून कुणाला यायचं असेल तर उद्या रात्रीपर्यंत कमेंटमध्ये सांगा, तिकिटं एकत्र काढते. पैसे आधी जीपे करा, मागच्या वेळचे दोघांचे अजून बाकी आहेत.