रेडहॅट-रिलीजमध्ये ७ लिहून नऊचं सात होत नसतं

रविवारी रात्री साडेदहाला भाच्याचा मेसेज आला, "मामा, हे करू का?" खाली एक लांबलचक फॉरवर्ड. शीर्षक, "सर्व्हर पॅनेल नव्या ओएसवर न्या, दहा मिनिटांत, फुकटात." पाच मुद्दे आणि प्रत्येकापुढे हिरवी बरोबरची खूण. त्याच आठवड्यात मिरजेच्या एका मित्राने हेच पाठवलं होतं, तेव्हा मी हसून सोडून दिलं. पण भाचा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचं कॉम्प्युटरचं काम बघतो. पोटमाळ्यावर सेंटओएस ७ चा, म्हणजे रेडहॅट कंपनीच्या लिनक्सच्या फुकट प्रतीवर चालणारा, सर्व्हर आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, व्यापाऱ्यांची येणी, सगळं त्याच्यावर. सर्व्हरचा कारभार ब्राउझरमधून बघायला वर एक जुनं ओपन सोर्स पॅनेल, जे आधीच्या कुणीतरी आपल्या सोयीने ठोकूनठाकून घेतलंय. तिथे हे दहा मिनिटांचं शहाणपण शिरलं तर दिवाणजी दुसऱ्या दिवशी पट्टी हाताने लिहीत बसतील.

फॉरवर्डचं पहिलं वाक्य खरं आहे, ते आधीच सांगतो. सेंटओएस ७ च्या दुरुस्त्यांची मुदत ३० जून २०२४ ला संपली. त्यानंतर यम या पॅकेजं बसवणाऱ्या कमांडला ती उतरवायची नेहमीची जागा, म्हणजे मिररच, सापडेना. पॅकेजं व्हॉल्टमध्ये, म्हणजे जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यात, आहेत, पण ती आहेत तशी. नवी दुरुस्ती त्यांत येत नाही. म्हणजे हलायला हवं, यात वाद नाही.

मुद्दा पहिला, "सातवरून थेट नऊवर जा, आठ टाळा." ओएस वरच्या आवृत्तीवर नेणारी दोन साधनं आहेत, रेडहॅटचं लीप आणि त्याच्यावरच उभं असलेलं अल्मालिनक्सचं (ही सेंटओएससारखीच फुकट ओएस) एलिव्हेट. दोन्ही एका वेळी एकच पायरी चढतात. सातवरून आठ, आठवरून नऊ. पुढे जाऊ.

मुद्दा दुसरा, आणि माझं डोकं इथेच फिरलं. "पॅनेल नव्या ओएसवर चढत नसेल तर इटीसीमधल्या रेडहॅट-रिलीज फाईलमध्ये ९ खोडून ७ लिहा. पॅनेल फसतं."

ओएसची आवृत्ती त्या फाईलमध्ये लिहिलेली असते. फसतं, अगदी खरं! फसलेलं पॅनेल मग रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने काम करायला लागतं. पॅनेल म्हणजे काय गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर आहे का? कुठली सेटिंग कुठल्या फाईलमध्ये असते, कुठली सेवा कुठल्या नावाने सुरू होते, हे त्याला पाठ असतं आणि त्या पाठांतरावरच ते चालतं. ते नव्या ओएसवर न्यायचं म्हणजे हे पाठांतर पुन्हा करायचं. पोर्टिंग म्हणतात ते एवढंच, आणि ते किचकट असतं.

भाच्याला म्हटलं, घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर अल्मालिनक्स ९ टाक आणि कर तुझा प्रयोग. त्याने केला. पॅनेलमधून मशीनचा आयपी पत्ता बदलला. पॅनेलने आनंदाने नेटवर्क सेटिंगची सातच्या पद्धतीची फाईल, आयएफसीएफजी, लिहिली आणि मग 'नेटवर्क' ही सेवा रीस्टार्ट करायला गेलं. नऊमध्ये ती सेवाच नाही. जुन्या नेटवर्क-स्क्रिप्ट्स काढून टाकल्यात, सगळा कारभार नेटवर्कमॅनेजरकडे आहे आणि त्याच्या नव्या प्रोफाइल वेगळ्या फोल्डरात वेगळ्या ढंगाच्या फाईलमध्ये राहतात. कमांड आपटली, पण पॅनेलने उत्तर तपासलंच नाही आणि पडद्यावर "सेव्ह झालं" झळकलं. पत्ता होता तोच. आता गंमत पुढे आहे. नऊचा नेटवर्कमॅनेजर जुनी आयएफसीएफजी फाईलही अजून वाचतो. म्हणजे एकाच नेटवर्क कार्डावर दोन प्रोफाइल झाल्या, एक इन्स्टॉलच्या वेळची, एक पॅनेलने लिहिलेली. रीबूटनंतर कुठली उठेल ते बघत बसायचं. आज सगळं ठीक दिसणार आणि दोन महिन्यांनी लाईट गेली की सर्व्हर भलत्याच पत्त्यावर उभा राहणार. तोवर हा फॉरवर्ड कुणाच्या ध्यानात असणार?

या दुसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेही नाइलाजाने कबूल करतो. वेबमिनसारख्या पॅनेलमध्ये ओएस ओळखायला एक साधी यादीची फाईल असते आणि नवी रिलीज आली की पोर्टिंगची सुरुवात तिथेच एखादी ओळ वाढवून होते. पण ती ओळ नव्या ओएसचं खरं नाव सांगते, आणि त्यानंतर प्रत्येक मॉड्यूलसाठी त्या ओएसची कॉन्फिग तपासावी लागते. फॉरवर्डवाल्याने हे कुठेतरी अर्धवट ऐकलंय आणि उलटं करून वाटलंय.

तिसरा, "आरपीएमला नोडेप्स सांगून बसवा." आरपीएम म्हणजे पॅकेज बसवणारं साधन, आणि नोडेप्स म्हणजे 'सोबत काय लागतं ते तपासू नकोस'. बसेल, चालणार नाही. सातमध्ये पर्ल या भाषेची ५.१६ आवृत्ती होती, नऊमध्ये ५.३२ आहे, जुन्यासाठी कंपाइल केलेली मॉड्यूल नव्यावर उठत नाहीत. सातमध्ये पीएचपी या दुसऱ्या भाषेची ५.४ होती. त्या काळातली डेटाबेसला जोडणारी मायएसक्यूएल-कनेक्ट वगैरे फंक्शनं पीएचपी ७ मध्येच काढून टाकली. आरपीएम "हे नाही, ते नाही" म्हणून ओरडतो तेव्हा तो कामाची यादी देत असतो, आणि आपण त्याचंच तोंड दाबायचं!

चौथा, "एसईलिनक्स आणि फायरवॉल दोन्ही बंद करा." एसईलिनक्स म्हणजे लिनक्सचा आतला पहारा. दुकानाला इंटरनेटवर कायमचा आयपी आहे, पॅनेल दहा हजार नंबरच्या पोर्टवर उघडं. दार काढूनच ठेवा की मग.

पाचवा सगळ्यात घातक. "त्रास नको असेल तर खालच्या लिंकवरून पोर्ट केलेलं पॅनेल घ्या, रूटने स्क्रिप्ट चालवा. ओपन सोर्स आहे, सगळ्यांनी कोड बघितलेला असतो." लिंक कुणाच्या तरी ड्राइव्हची. सही नाही, फाईल बदललेली नाही हे पडताळायचा चेकसम नाही, बांधणाऱ्याचं नावही नाही.

यावर वेबमिनच्याच लोकांनी स्वतःबद्दल दिलेली कबुली पुरेशी आहे. २०१८ मध्ये कोडपासून पॅकेजं बांधणाऱ्या त्यांच्या बिल्ड सर्व्हरमध्ये कुणीतरी घुसलं आणि पासवर्ड बदलायच्या स्क्रिप्टमध्ये चोरदरवाजा टाकला. गिटहबवरचा, म्हणजे सगळ्यांना दिसणारा, कोड स्वच्छ होता, दूषित झाली ती त्या सर्व्हरवर बांधलेली डाउनलोडची पॅकेजं. १.८९० ही आवृत्ती तर बसवल्या बसवल्या उघडी होती, १.९०० ते १.९२० मध्ये पासवर्डची मुदत संपल्यावर बदलायची सोय चालू असेल तर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये हे उघडकीला आलं आणि १.९३० काढून ते मिटवलं. सुरक्षेतल्या त्रुटींच्या सार्वजनिक यादीत नोंद सीव्हीई-२०१९-१५१०७ या क्रमांकाने आहे, कुणीही वाचावी. १९९७ पासून चालणारा, नावाजलेला प्रकल्प, कोड सगळ्यांसमोर, तरी वर्षभर कुणाला पत्ता नाही. कारण लोक बघत होते तो कोड एक आणि बसवत होते ते पॅकेज दुसरं. मग ड्राइव्हवरची ही झिप कुणी बघितली? व्हॉट्सअॅपवरच्या अॅडमिनने?

भाच्याला विचारलं, "लिंक उघडली नाहीस ना?"

"उघडली मामा. झिप उतरवली, पण फोडली नाही."

ती माझ्यासमोर काढून टाकायला लावली. सौदे चालू असेपर्यंत पोटमाळ्यावरच्या सर्व्हरला कुणी हात लावायचा नाही. हंगाम उतरला की शेजारी दुसरं मशीन लावायचं, त्यावर अल्मालिनक्स ९ आणि पॅनेलच्या मूळ प्रकल्पाच्या स्वतःच्या रेपॉझिटरीतलं, म्हणजे पॅकेजांच्या भांडारातलं, आजचं पॅनेल. जुन्यावरून फक्त डेटा आणायचा. आधीच्या माणसाने केलेली ठोकाठोकी कुठे कुठे आहे, ती एका वहीत उतरवायला भाचा कालपासून बसलाय. पहिल्या दिवशी अकरा ठिकाणं सापडली.