आरामखुर्ची आणि बॅटरी

‘एक वाचक’ यांस,

नागरी मैत्री, म्हणजे नागरिकांनी एकमेकांशी राखायची मैत्री, यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा रागात, एकदा झोपून उठल्यावर. राग तेवढाच राहिला.

आधी माझी चूक. मैत्री शहरांना बांधून ठेवते आणि कायदे करणारे न्यायापेक्षाही तिला जास्त जपतात, हे अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं त्याच्या नीतिशास्त्राच्या ८व्या भागात आहे. मी ९वा लिहिला होता. दुरुस्त केलं, आभार. (‘एवढंही तपासत नाही का?’ हे नसतं जोडलंत तरी चाललं असतं.)

आता तुमचं ते वाक्य : “नागरी मैत्री म्हणजे आरामखुर्चीत बसून भांडण टाळणाऱ्यांची चैन.”

आरामखुर्ची? अहो, ११ वर्षं मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो! पाण्याचा पंप बदलायच्या ठरावावर तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी भर सभेत माझे वाभाडे काढले. विरोधात मत दिलं, हरले, आणि आपला विरोध इतिवृत्तात शब्दशः लिहून घेतला. पंप बसवता बसवता अंधार पडला, तेव्हा टाकीपाशी बॅटरी धरून कोण उभं? हेच. वर मिस्त्रीला सांगत होते, “पंप चुकीचाच घेतलाय यांनी, पण वॉशर तेवढा नीट बसव.” आम्ही एकमेकांच्या घरात कधी पाऊलही टाकलं नाही.

मी म्हणतो ती मैत्री ही. लळा नाही, एकमत तर नाहीच. हरलेला पाठ फिरवत नाही आणि जिंकलेला त्याचा विरोध वहीतून खोडत नाही. यात भांडण टाळलंय कुठे? अमेरिकन राजकीय विचारवंत डॅनिएल अ‍ॅलन हेच मोठ्या पटावर मांडतात : लोकशाहीच्या निर्णयांची झळ कुणाला तरी बसतेच; ती सतत त्याच लोकांना बसली की अविश्वास साचतो. आणि बंधुतेवाचून स्वातंत्र्य-समता म्हणजे नुसता वरवरचा रंग, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत सांगितलं. तेही आरामखुर्चीतून का?

तुमचा दुसरा मुद्दा : अ‍ॅरिस्टॉटलच्या काळातल्या अथेन्समध्ये स्त्रियांना आणि गुलामांना सभेत जागा नव्हती. हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. कोट्यवधी अनोळखी लोकांत मैत्री कशी, यावर पुन्हा कधीतरी.

आणि हो, मला ‘लेखकमहाशय’ म्हणू नका. तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही. शब्दशः ठेवली आहे, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.