चेक उदारमतवाद्यांना मतं मिळाली, संघटना बांधता आली नाही

चेक उदारमतवाद म्हटलं की बहुतेक लेख चेकोस्लोव्हाकियाचे पहिले अध्यक्ष मासारिक यांच्यापासून सुरू होतात आणि कम्युनिस्ट राजवटीनंतरचे अध्यक्ष हावेल यांच्यापाशी संपतात. दोघंही थोर, पण पक्षांच्या इतिहासात दोघंही कडेला आहेत. हावेल यांनी स्वतःचा पक्ष काढलाच नाही आणि मासारिक यांच्या पक्षाला १९०७ साली, चेक प्रदेश ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असताना, व्हिएन्नाच्या ५१६ जागांच्या संसदेत अवघ्या दोन जागा मिळाल्या. पक्षांचा खरा इतिहास समजायचा तर मत कोणाला होतं, ते कसं मोजलं जायचं आणि गावात पक्षाचं काम कोण करायचं, हे आधी बघावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे: चेक उदारमतवाद्यांकडे विचार होता, वर्तमानपत्र होतं, वकील-प्राध्यापक होते, गावपातळीवरची संघटना मात्र त्यांनी जवळपास कधीच बांधली नाही आणि दर वेळी त्याचीच किंमत मोजली.

१८६१ची बोहेमियाची, म्हणजे प्रागभोवतालच्या, चेक आणि जर्मन दोघंही राहत असलेल्या प्रांताची विधानसभा घ्या. एकूण २४१ सदस्य. त्यांतले ७० बडे जमीनदार निवडणार, १५ व्यापारी मंडळं, ७२ शहरं, ७९ ग्रामीण भाग. उरलेले पाच म्हणजे बिशप आणि विद्यापीठाचा रेक्टर, पदसिद्ध. मत कर भरणाऱ्याला. खेड्यात तर आधी मतदार-प्रतिनिधी निवडायचे आणि मग त्यांनी आमदार निवडायचा. त्यामुळे ७० जागा ज्या जमीनदारांच्या हातात, ते ज्या बाजूला झुकतील तिकडे बहुमत. पालात्स्की आणि रीगर या चेक नेत्यांच्या राष्ट्रीय पक्षाने, म्हणजे पुढे ज्यांना ‘जुने चेक’ म्हटलं गेलं त्यांनी, याच सरदार-जमीनदारांशी हातमिळवणी केली. हिशेब म्हणून ती बरोबर होती. पण सरदार सोबत हवे असतील तर चर्चच्या आणि मताधिकाराच्या प्रश्नावर गप्प बसावं लागतं, आणि उदारमतवादाचा निम्मा कार्यक्रम तिथेच गळतो.

त्यात बहिष्काराचं धोरण आलं. १८६३पासून व्हिएन्नाच्या संसदेत जायचं नाही, पुढे प्रांतिक सभेतही बसायचं नाही. १८७४मध्ये सात जण हा बहिष्कार मोडून प्रांतिक सभेत गेले आणि त्याच वर्षअखेरीस वेगळा पक्ष उभा राहिला, ‘राष्ट्रीय स्वतंत्रविचारी पक्ष’. हेच ‘तरुण चेक’. आपल्याकडच्या मवाळ-जहाल फुटीचं गणित इथे लावू नका. इथे बहिष्कार ज्येष्ठांचा होता आणि सभागृहात जाऊन भांडू म्हणणारे तरुण होते.

तरुण चेकांचा खरा कणा म्हणजे युलियुस ग्रेग्र यांचं ‘नारोद्नी लिस्ती’ हे दैनिक, १ जानेवारी १८६१पासून चालू असलेलं. पक्ष नंतर जन्मला, पेपर आधी. निवडणूक आली की पेपर भूमिका ठरवणार, प्राग शहरातली कार्यकारिणी उमेदवार ठरवणार आणि तालुक्याच्या गावातले डॉक्टर, नोटरी, सधन शेतकरी हे ‘विश्वासू लोक’ मतं गोळा करणार. सभासद नोंदणी नाही, वर्गणीची सवय नाही. मतदार थोडे होते तोवर हे उत्तम चाललं. १८८२मध्ये संसदेसाठी मत मिळायला भराव्या लागणाऱ्या कराची अट १० गुल्डनवरून (तेव्हाचं ऑस्ट्रियन नाणं) ५ वर आली, तेव्हा नव्याने मत मिळालेल्या छोट्या दुकानदार-शेतकऱ्यांनी तरुण चेकांनाच उचललं. १८९०मध्ये जुन्या चेकांनी जर्मन पक्षांशी व्हिएन्नामध्ये करार केला, ज्यात न्यायालयांचे जिल्हे भाषेप्रमाणे वेगळे होणार होते. तरुण चेकांना त्या बोलणीत बोलावलंच नाही. १८९१च्या निवडणुकीत बोहेमियात जुने चेक भुईसपाट झाले.

पण जिंकल्यानंतर काय? १८९७मध्ये ऑस्ट्रियाचे पंतप्रधान बादेनी यांच्या भाषा-आदेशाने बोहेमियातल्या अधिकाऱ्यांना १ जुलै १९०१पर्यंत चेक आणि जर्मन दोन्ही भाषा येणं सक्तीचं केलं. तरुण चेकांचा हा सर्वांत मोठा विजय. जर्मन सदस्यांनी संसद बंद पाडली, रस्त्यावर दंगे झाले, नोव्हेंबरअखेर बादेनी पायउतार झाले आणि दोन वर्षांत आदेशही गेला. पक्षाने सगळं एका मुद्द्यावर लावलं होतं, तो मुद्दा हातचा गेल्यावर शेतकऱ्याला आणि कामगाराला सांगण्यासारखं काही उरलं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. १८९९मध्ये पोल्ना गावी एका तरुणीचा खून झाला आणि लिओपोल्ड हिल्सनर या ज्यू तरुणावर धार्मिक विधीसाठी केलेल्या हत्येचा बिनबुडाचा आरोप आला. त्याच्या बाजूने मासारिक उभे राहिले, तर विद्यार्थ्यांनी त्यांचं व्याख्यान उधळलं. स्वतःला स्वतंत्रविचारी म्हणवणाऱ्या पक्षाचं दैनिक त्यांच्या पाठीशी उभं राहिलं नाही. कायद्यासमोर सगळे समान, हे उदारमतवादाचं पहिलं कलम. ते अडचणीच्या वेळी सोडलं, मग नाव काहीही असो.

१९०७मध्ये २४ वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना सरसकट मत मिळालं. शेतकरी पक्षाकडे पतसंस्था आणि सहकारी संघ होते, समाजवाद्यांकडे कामगार संघटना आणि व्यायामशाळा होत्या. तरुण चेकांकडे पेपर होता. दोघंही त्यांच्या पुढे गेले. मताधिकार वाढवायची मागणी तरुण चेकांनीही केली होती, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. आणि १९१२मध्ये त्यांनीच बोझेना विकोवा-कुन्येतित्स्का या लेखिकेला प्रांतिक सभेसाठी उभं केलं. जुन्या कायद्यात स्त्रीने उभं राहू नये असं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, ती फट नेमकी वापरली. त्या निवडून आल्या. गव्हर्नर थुन यांनी निवडीचा दाखलाच दिला नाही, आणि पुढच्या वर्षी सभाच बरखास्त झाली.

१९१८नंतरच्या चेकोस्लोव्हाक प्रजासत्ताकात हाच प्रवाह तरुण चेकांचे नेते क्रामार्झ यांच्या राष्ट्रीय लोकशाही पक्षात गेला आणि उजवीकडे सरकत राहिला. १९३५ला तर तो कडव्या राष्ट्रवाद्यांसोबत एका यादीवर होता. त्याच पक्षातून बाहेर पडलेल्या स्ट्रान्स्की यांच्या गटाने वेगळा उदारमतवादी पक्ष काढून पाहिला. १९२५ला एकही जागा नाही.

१९८९मध्ये कम्युनिस्ट राजवट घालवणारी चळवळ, सिव्हिक फोरम, पुढे फुटली. परराष्ट्रमंत्री दीन्स्टबीर यांची सिव्हिक मूव्हमेंट १९९२ला ४.५९ टक्क्यांवर अडकली. पाच टक्क्यांखालच्या पक्षाला जागा शून्य. मग छोट्या उदारमतवादी पक्षांनी आघाडीचा मार्ग धरला, आणि तिथे एक तांत्रिक गोष्ट दोनदा नडली. चेक मतदार पक्षाची यादी निवडतो, पण यादीतल्या आपल्या पसंतीच्या काही नावांभोवती गोलही करू शकतो; ठरावीक टक्केवारी ओलांडली की ते नाव वर चढतं. २००२मध्ये फ्रीडम युनियन या उदारमतवादी पक्षाने ख्रिश्चन डेमोक्रॅटांशी एकत्र यादी केली. चर्चच्या जाळ्यातल्या मतदारांनी आपल्या माणसांना गोल केले आणि फ्रीडम युनियनच्या पदरी मोजक्या जागा आल्या. २०२१मध्ये पायरेट या नव्या उदारमतवादी पक्षाने महापौरांच्या ‘स्तान’ पक्षाशी तेच केलं. अनेक प्रांतांत यादीच्या वरच्या जागा पायरेट्सच्या होत्या. पण मतदाराला चार गोल करता येत होते, आणि गावच्या महापौराला सगळे ओळखतात. आघाडीला ३७ जागा, त्यांत पायरेट्स चार!

यादीतला क्रम वाटाघाटीत मिळतो, गोल मात्र घरोघरी जाऊन मिळवावे लागतात. पायरेट्सना ते कळलं असावं. २०२५मध्ये ग्रीन पक्षाच्या काही उमेदवारांना आपल्याच यादीत घेऊन ते स्वतःच्या नावावर लढले आणि त्या यादीला १८ जागा मिळाल्या.