‘90 दिवसांत ॲडव्हान्स इंग्लिश’ : त्या मेसेजवर विश्वास ठेवू नका

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज सतत फिरतो. त्याचा सारांश असा : रोज 20 अवघड शब्द पाठ करा, ‘व्हेरी’ कायमचा सोडा आणि यादीतले भारी शब्द वापरा, बोलताना जास्तीत जास्त इडियम्स पेरा, व्याकरणाच्या नादी लागू नका, लहान मूल कुठे व्याकरण शिकतं? मी आयईएल्ट्स, म्हणजे परदेशी प्रवेशासाठीची इंग्रजीची परीक्षा, देणाऱ्या मुलांचे निबंध तपासते. या सल्ल्याने मेहनती मुलांचं नुकसान होताना दिसतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी ‘व्हेरी’ची यादी. ‘व्हेरी थिन’समोर तिथे ‘गॉन्ट’ लिहिलंय. मराठीत सडपातळ, किडकिडीत, हडकुळा, खंगलेला हे सगळे बारीकच. पण स्थळ सुचवताना ‘मुलगी खंगलेली आहे’ असं कुणी म्हणेल का? ‘गॉन्ट’ म्हणजे आजाराने किंवा उपासमारीने खंगलेला. सडपातळला ‘स्लेंडर’. अर्थ जवळचा असला तरी शब्दाची जागा वेगळी असते. आपण चहा कडक म्हणतो, ऊनही कडक म्हणतो, पाऊस मात्र मुसळधार. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ आणि पाऊस ‘हेवी’. ‘स्ट्राँग रेन’ ऐकताक्षणी खटकतं. शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून, असं ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1957 मध्येच लिहून ठेवलंय. आयईएल्ट्सच्या लेखनात शब्दसंपत्ती हा चार समान निकषांपैकी फक्त एक. त्यातही सात बँडसाठी, म्हणजे नऊपैकी सात गुणांसाठी, कमी वापरातल्या शब्दांबरोबर शैलीची आणि शब्दांच्या जोड्यांची जाण बघतात. आणि ‘व्हेरी डिफरंट’, ‘व्हेरी रीसेंट’ यांत चूक काहीच नाही. ते खुशाल लिहा.

रोजचे 20 म्हणजे 90 दिवसांत 1800 शब्द. पण कुठले? न्यूझीलंडच्या भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अभ्यासविषयांच्या लेखनात वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेले शब्द मिळून एक कुळ) यादी केली. त्यात ‘डिराइव्ह’, ‘कन्सिस्टंट’, ‘एस्टॅब्लिश’ असे शब्द आहेत. विद्यापीठात पहिल्या दिवसापासून लागतात ते हे. व्हॉट्सॲपच्या यादीतले शब्द वर्षभरात एकदाही समोर येत नाहीत आणि विसरले जातात.

इडियम्सचं म्हणाल तर ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आज इंग्रज माणसाच्या तोंडी क्वचितच येतं. जुनाट वाटणं एक वेळ चालेल. चुकीच्या जागी वापरलेला वाक्प्रचार दुखावतो. ‘किक्ड द बकेट’ म्हणजे वारला, एवढंच पाठ केलेला मुलगा ते सांत्वनाच्या पत्रात लिहितो. आपल्याकडे शोकसभेत कुणी ‘आजोबा गचकले’ म्हणावं, तसं ते ऐकू येतं. त्यापेक्षा ‘पुट ऑफ’, ‘कॅरी आउट’, ‘कम अक्रॉस’ ही साधी क्रियापदं शिका. ती रोज लागतात.

आता व्याकरण. मूल व्याकरणाचं पुस्तक वाचत नाही हे खरं, पण ते जागेपणीचा सगळा वेळ, वर्षानुवर्षं, भाषेतच असतं. आठवड्याला चार तास इंग्रजी ऐकणाऱ्या विशीतल्या मुलीला ती सोय नाही, आणि तिच्या डोक्यात मराठीची घडण आधीच पक्की असते. ‘पासून’च घ्या. ‘सोमवारपासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ दोन्हीकडे आपला एकच शब्द, शिवाय क्रियापद वर्तमानकाळी : मी पाच वर्षांपासून पुण्यात राहते. त्यातून ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ तयार होतं. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’, कालावधीला ‘फॉर’, आणि क्रियापद ‘हॅव लिव्ह्ड’. नुसतं ‘लिव्ह्ड’ म्हटलं तर ऐकणारा समजतो, आता तुम्ही पुण्यात राहत नाही. हा फरक कानावर पडून आपोआप उमजत नाही, कारण मराठी मन तो शोधतच नाही. कुणीतरी एकदा दाखवावा लागतो.

‘अ’चंही तसंच. ‘अ फ्यू स्टुडंट्स केम’ म्हणजे काही मुलं आली. ‘फ्यू स्टुडंट्स केम’ म्हणजे फारशी कुणी आलीच नाहीत. एवढंसं अक्षर गळलं की तुमच्या अहवालाचा अर्थच उलटतो, आणि तो उलटलाय हे वाचणाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो.